काळी जमीन, पांढरा कापूस

अकोल्याहून दक्षिणेकडे वाशीमच्या वाटेला लागले की पातूर येईपर्यंत दोन्ही बाजूंना पसरलेली काळी, भेगाळणारी, कापसाला आणि तुरीला मानवणारी जमीन संपत आलेली असते, आणि गावाच्या पलीकडे डोंगराचा चढ, सागाचे रान आणि मेडशीकडे जाणारा घाट सुरू होतो. मैदान आणि डोंगर यांच्या या सांध्यावर माझा छायाचित्रणाचा व्यवसाय आहे. आणि त्यात उमेदीची वर्षे घालविल्यानंतर मला निश्चयपूर्वक असे सांगावेसे वाटते की, प्रकाश मोजण्याची विद्या शिकण्यासाठी वऱ्हाडासारखी दुसरी पाठशाळा मिळणे कठीण. दिवाळीच्या मागेपुढे बोंडे फुटू लागली म्हणजे सबंध शिवार दोनच वर्णांचे होते. खाली काळी ढेकळे, वर पांढरा कापूस, मधे वाळत चाललेल्या पऱ्हाटीचा तपकिरी पसारा, आणि या सर्वांवर निरभ्र आकाशातून उतरलेले, कोठेही आडकाठी नसलेले ऊन.

अशा शेतात उभ्या राहिलेल्या माणसाचे छायाचित्र कॅमेऱ्याच्या मर्जीवर सोपवून काढले तर काय होते, हे येथील प्रत्येक घरातील मोबाईलमध्ये पाहावयास मिळते. कॅमेऱ्यातील प्रकाशमापकाला आपल्यापुढे कोणती वस्तू आहे याची वार्ता नसते. समोरून परतून आलेला प्रकाश तेवढा त्याला मोजता येतो, आणि समोरचे जग सरासरीने मध्यम करड्या वर्णाचे, म्हणजे अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा १८ च्या आसपास परत पाठविणारे असते, या गृहीतावर त्याचा सारा हिशेब उभा असतो. पुष्कळशा दृश्यांत हे गृहीत खरे ठरते, म्हणून ते टिकले. परंतु नांगरून ठेवलेल्या काळ्या रानाकडे कॅमेरा रोखला की त्या रानावर उजेड कमी आहे असे समजून तो अधिक प्रकाश आत घेतो, आणि रान मुरमाड जमिनीसारखे फिकट उमटते. जिनिंगच्या आवारातील कापसाच्या गंजीकडे रोखला की उजेड अति झाला असे समजून तो प्रकाश तोडतो, आणि कापूस राखेसारखा मळकट होतो. यंत्राच्या स्वाधीन राहणाऱ्या माणसाच्या दप्तरी अशा रीतीने जमीन आणि कापूस या दोहोंची नोंद एकाच वर्णाने होते.

यावरचा उपाय जुनाच आहे. कापसापुढे यंत्राच्या सांगण्यापेक्षा दीड ते दोन स्टॉप अधिक द्यावेत, काळ्या रानापुढे एक ते दीड स्टॉप कमी करावेत. एक स्टॉप वाढविला म्हणजे प्रकाश दुप्पट झाला, दोन वाढविले म्हणजे चौपट, एवढे गणित ज्याला तोंडपाठ झाले त्याला बाकीचे आपोआप सुचू लागते. आणि आकाश स्वच्छ असेल तर मापकाकडे पाहण्याचेही कारण उरत नाही: ॲपर्चर १६ वर ठेवावे, आयएसओ १०० असेल तर शटर सेकंदाच्या सव्वाशेव्या भागावर आणावे, आणि दुपारभर त्याला हात लावू नये. फिल्मच्या काळापासून चालत आलेल्या या नियमाचे सामर्थ्य त्याच्या साधेपणात आहे. तो वस्तूला तिचा वर्ण विचारीत नाही, तिच्यावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाचा तेवढा विचार करतो. म्हणून त्याच्या अमलाखाली काळे ते काळे आणि पांढरे ते पांढरे राहते.

येथे जी गोष्ट मला या संपूर्ण विद्येत सर्वांत मोलाची वाटत आली आहे तिच्याकडे वळतो. वस्तूंमध्ये स्वतःचा असा जो काळेपणा-गोरेपणाचा भेद असतो तो आपण समजतो त्याहून पुष्कळच लहान असतो. काळी माती पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा ५ ते १० परत पाठविते, सरकी काढलेला स्वच्छ कापूस शेकडा ८० ते ९०. म्हणजे एकाच उन्हात ठेवल्यास या दोहोंमध्ये चार स्टॉपांच्या आगेमागे अंतर पडते. अगदी काळ्या छत्रीपासून अगदी पांढऱ्या धोतरापर्यंतचे सर्व पदार्थ एकाच प्रकाशात मांडले, तरी ते पाचएक स्टॉपांत सामावतात, आणि आजचा साधा कॅमेराही तेवढे अंतर सहज पेलतो. अडचण येते ती वस्तूंमुळे नव्हे, त्यांच्यावर पडणाऱ्या प्रकाशाच्या विषमतेमुळे. भर दुपारच्या उन्हाचे माप सुमारे १ लाख लक्स भरते, तर त्याच वेळी एखाद्या माळवदी घराच्या आतल्या खोलीत शंभर लक्ससुद्धा नसतात. हा एक हजारपटीचा, म्हणजे दहा स्टॉपांचा भेद कापसाने किंवा मातीने निर्माण केलेला नसतो, तो भिंतीने आणि छपराने निर्माण केलेला असतो. अंधाऱ्या माजघरात ठेवलेला पांढराशुभ्र कापूस अंगणातल्या उन्हात पडलेल्या काळ्या ढेकळापेक्षा कितीतरी काळा असतो, आणि तरीही आपण त्याला पांढराच म्हणतो, कारण आपली दृष्टी प्रकाशाचा वाटा वजा करून वस्तूचा मूळ वर्ण ओळखण्यात जन्मापासून तरबेज झालेली असते. कॅमेऱ्याला ही वजाबाकी येत नाही. ती त्याच्या वतीने करणे, दृश्यातील कोणता भेद वस्तूचा आणि कोणता प्रकाशाचा हे ठरविणे, यासाठीच त्याच्यामागे मनुष्य उभा असतो.

२०१७ च्या हंगामात विदर्भावर गुलाबी बोंडअळीचे संकट कोसळले तेव्हा हे ठरविणे किती निकडीचे होऊ शकते हे मी जवळून पाहिले. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक असे तिघे मिळून पंचनामे करीत होते. आणि पंचनाम्याचे पथक आपल्या बांधावर येईपर्यंत नुकसानीचा पुरावा आपल्याजवळ असावा, म्हणून शेतकरी बोंडे पिशवीत घालून माझ्याकडे येत होते. वरून पाहता अळी लागलेले बोंड पुष्कळदा निरोगी दिसते. ते उमलले म्हणजे मात्र आतील एखाद-दुसऱ्या पाकळीतील कापूस फुललेलाच नसतो. तो सरकीला चिकटून, आवळून, घट्ट बसलेला असतो आणि त्यावर पिवळसर तपकिरी डाग उतरलेला असतो. या मालाला येथे कवडी म्हणतात आणि बाजारात तिला भाव मिळत नाही. एका वृद्ध गृहस्थांनी असे बोंड माझ्या टेबलावर ठेवून जे शब्द उच्चारले ते मला एक्सपोजरच्या पुस्तकांतील पुष्कळ पानांहून महत्त्वाचे वाटतात: “भाऊ, फोटोत हे डाग दिसाले पायजेत, नाही तं सायेब म्हनतीन का कापूस तं पांढराच हाये.”

त्यांची शंका सर्वस्वी सयुक्तिक होती. शेकडा ८५ प्रकाश परत पाठविणारा निरोगी कापूस आणि शेकडा ६० परत पाठविणारा डागाळलेला कापूस यांच्यात अर्ध्या स्टॉपाचे अंतर असते. छायाचित्र अर्ध्या स्टॉपाने अधिक उजळ झाले की निरोगी कापूस शिगेला जाऊन थांबतो, डागाळलेला त्याच्या जवळ येऊन बसतो, आणि ज्या भेदावर एका कुटुंबाची वर्षाची भरपाई अवलंबून आहे तो भेद कागदावरून नाहीसा होतो. म्हणून अशा बोंडाला मी समोरून फ्लॅश कधी दिला नाही. खिडकीच्या बाजूने येणाऱ्या तिरप्या उजेडात, काळ्या कापडावर ते ठेवावे. निरोगी तंतूंची वीण दिसेल इतपतच प्रकाश द्यावा. आणि शेजारी कोरा पांढरा कागद ठेवावा, म्हणजे पाहणाऱ्याला डाग प्रकाशाचा नसून कापसाचा आहे याची साक्ष त्याच चित्रात मिळते.

डिजिटल कॅमेऱ्याच्या पोटात हे कसे घडते ते सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. सेन्सरवर कोट्यवधी सूक्ष्म ग्राहक असतात, आणि प्रत्येक ग्राहक शटर उघडे असेतो आपल्या वाट्याला आलेला प्रकाश साठवितो. धान्य मोजण्याच्या पायलीला जसा काठ असतो तसा त्यालाही काठ असतो. फरक इतकाच की पायलीवर शीग उभी राहते आणि येथे ती राहत नाही. काठापर्यंत भरलेला ग्राहक आणि काठावरून दुप्पट वाहून गेलेला ग्राहक दोघे एकच आकडा सांगतात, आणि वाहून गेलेल्याचा हिशेब जगातील कोणत्याही संगणकाला पुन्हा लावता येत नाही. जुनी निगेटिव्ह या बाबतीत दयाळू होती. हर्टर आणि ड्रिफील्ड या इंग्लंडमधील दोन रसायनतज्ज्ञांनी १८९० मध्ये प्रकाश आणि फिल्मवर उमटणारा काळेपणा यांच्यातील संबंधाची जी वक्ररेषा प्रसिद्ध केली, तिचा वरचा भाग खांद्यासारखा हळूहळू कलतो. प्रकाश बराच वाढला तरी फिल्म काही ना काही भेद राखून ठेवते. सेन्सरचा आलेख मात्र सरळ रेषेत चढतो आणि कड्यावर येऊन तुटतो. म्हणून फिल्मच्या काळात आम्ही सावल्यांकडे पाहून एक्सपोजर देत होतो, आणि आता सर्वांत उजळ भागाकडे पाहून देतो; ज्यांनी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या ‘इंदू’ फिल्मवर हात बसविला होता त्यांना ही सवय उलटविण्यास काही काळ लागला.

उजळ भाग जळू द्यावयाचा नाही, म्हणून सगळेच अंधारात घ्यावे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात, आणि त्यांपैकी निम्म्या, म्हणजे ८,१९२, केवळ सर्वांत वरच्या एका स्टॉपाच्या वाट्याला येतात. त्याखालच्या स्टॉपाला ४,०९६, त्याखालच्याला २,०४८, असे करीत तळाशी पोहोचेपर्यंत सावल्यांच्या हाती मूठभर पायऱ्या उरतात. याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की प्रकाश हा कणाकणांनी, पावसाच्या थेंबांसारख्या अनियमिततेने येतो. १०,००० कण गोळा झाले तर त्यातील चढउतार १०० चा, म्हणजे शेकडा एकच असतो. १०० कण गोळा झाले तर तो १० चा, म्हणजे शेकडा दहा होतो, आणि हा शेकडा दहाचा चढउतारच आपल्याला अंधारलेल्या भागात रवाळ दाण्यांच्या रूपाने दिसतो. नंतर संगणकावर सावल्या उचलल्या की हे दाणेही त्यांच्याबरोबर वर येतात. म्हणून उजळ भाग काठाला न टेकेल अशा बेताने जितका प्रकाश देता येईल तितका द्यावा, हे डिजिटल एक्सपोजरचे सूत्र झाले. हिस्टोग्रामचा, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसणाऱ्या उजेडाच्या आलेखाचा, डोंगर उजव्या भिंतीजवळ न्यावा, पण भिंतीवर चढू देऊ नये.

हा हिस्टोग्रामही डोळे मिटून मानण्याजोगा साक्षीदार नाही, हे मला पातूरच्या घाटानेच शिकविले. फाल्गुनात सागाची पाने गळून गेलेली असतात आणि उघड्या, करड्या रानात पळस फुललेला असतो. त्या फुलांचे चित्र घेऊन मागच्या पडद्यावर पाहावे तर आलेख मधोमध, सर्व काही यथास्थित; आणि घरी येऊन मोठे करून पाहावे तर फुलाच्या पाकळीवरची मखमल, तिच्यावरील शिरा, चोचीसारख्या टोकाचा बाक, सर्व नाहीसे होऊन नारिंगी रंगाचा सपाट ठिपका उरलेला. कारण असे की साधा आलेख तिन्ही रंगांची सरासरी सांगतो आणि त्या सरासरीत हिरव्याला सर्वांत अधिक वजन देतो. पळसाच्या पाकळीत तर प्रकाशाचा बहुतेक वाटा तांबड्याचा असतो. तांबड्याचे ग्राहक काठोकाठ भरून वाहत असतात आणि सरासरी मात्र शांत असते. तांबडा, हिरवा, निळा असे तीन आलेख वेगवेगळे दाखविण्याची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते, पण ती हुडकून सुरू करणारे थोडे. पळसाला, झेंडूच्या ढिगाला आणि नवरीच्या लाल शालूला मी एक स्टॉप कमी देतो. शालूवरील जरीचे काम आणि कापडाची वीण यामुळेच टिकते.

पातूरजवळ डोंगराच्या अंगात कोरलेल्या ज्या गुंफा आहेत, त्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित स्मारकांत मोडतात. अजिंठा-वेरूळची कीर्ती त्यांना लाभली नाही, आणि त्यांच्या जाड, बिनकलाकुसरीच्या खांबांकडे पाहावयास येणारेही विरळाच. छायाचित्रकाराच्या दृष्टीने मात्र त्या अतिशय कठीण परीक्षा घेतात. बाहेर बेसाल्टचा उन्हाने तापलेला माथा, आत काळ्याच दगडात कोरलेला अंधार. म्हणजे वस्तू एकच, दगड एकच, त्याचे परावर्तनही एकच, आणि तरीही गुंफेच्या तोंडापासून मागच्या भिंतीपर्यंत दहा-बारा स्टॉपांचा उतार. वस्तूचा भेद शून्य आणि प्रकाशाचा भेद सर्वस्व, असे याहून शुद्ध उदाहरण मला अन्यत्र मिळालेले नाही.

अशा ठिकाणी आमचे पूर्वसूरी काय करीत असत याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. मेजर रॉबर्ट गिल हा कंपनी सरकारच्या हुकुमाने १८४४ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यात गुंतला; त्याच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत भस्मसात झाल्या; परंतु त्याने लोणार आणि अजिंठा येथील वास्तूंची जी छायाचित्रे काढली आणि जी १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या विवेचनासह लंडनमध्ये प्रसिद्ध झाली, ती राहिली. त्या काळच्या ओल्या कोलोडियनच्या काचेला केवळ निळा प्रकाश जाणवत असे. आकाश तिच्यावर कोरे पांढरे उमटे, तांबूस दगड होता त्याहून काळा उमटे, आणि काच ओली आहे तोवरच एक्सपोजर देऊन ती धुवावी लागे. एवढ्या मर्यादेत त्याने खांबांच्या उजळ कडा आणि त्यांच्यामागील अंधार यांचा जो तोल साधला आहे, तो पाहून आजच्या साधनांनी सुसज्ज असलेल्या माणसाचे मस्तक नम्र व्हावे. हा गिल १८७९ मध्ये वारला आणि त्याचे दफन आपल्या अकोल्याच्याच लोहमार्गावरील भुसावळ येथे झाले. त्यानंतर शतकाहून अधिक काळाने, १९९१ मध्ये, बिनॉय बहल यांनी त्याच अजिंठ्याची चित्रे अत्यल्प उजेडात, भित्तिचित्रांवर प्रखर दिवा न टाकता, दीर्घ एक्सपोजर देऊन टिपली आणि रंग व छटा यांचे जे सौंदर्य लोकांसमोर ठेवले, त्याने प्रकाश कमी असणे म्हणजे छटा कमी असणे नव्हे, हे कायमचे सिद्ध केले.

मी पातूरच्या गुंफांत रीतसर परवानगी काढून स्टँड लावतो, आणि एकाच दृश्याची दोन-दोन स्टॉपांच्या अंतराने अनेक चित्रे घेतो. ही सर्व एकत्र करून अंधारातला कोपरा आणि बाहेरचे ऊन दोन्ही सारख्याच स्पष्टतेने दाखविणारे एक चित्र संगणक क्षणात तयार करून देतो. ते मी स्वीकारीत नाही. गुंफेतल्या मागच्या भिंतीवर घणाचे आणि छिन्नीचे घाव दिसावेत हे योग्य. परंतु ती भिंत दाराशी असलेल्या खांबाइतकी उजळ दिसावी हे गुंफेच्या स्वभावाला सोडून आहे. ती जागा अंधारासाठी कोरलेली आहे. बाहेरून आत जाणाऱ्या मनुष्याची दृष्टी ज्या क्रमाने, ज्या सावकाशीने तेथे स्थिरावते तो क्रम चित्रात राहिला पाहिजे, म्हणून मागची भिंत मी तीन स्टॉपांपेक्षा अधिक उचलीत नाही. तोंडाबाहेरचे आकाश थोडे जळाले तरी मला त्याचे वाईट वाटत नाही. आकाश सर्वत्र आहे, छिन्नीचे घाव तेथेच आहेत.

शेवटी हे सर्व कागदावर उतरावयाचे असते, आणि कागदाची पुंजी फारच तोकडी. चकचकीत कागदावरचा सर्वांत काळा आणि सर्वांत पांढरा यांच्यात शंभरपट, म्हणजे सहा-सात स्टॉपांचे अंतर मिळते. मॅट कागदावर त्याहूनही कमी. पडद्यावर जे चित्र भरघोस दिसते ते अकोल्याच्या लॅबमधून छापून आले की कोमेजलेले वाटते, ते यामुळे. अन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास अमेरिकेत जी झोन पद्धत रचली तिचा गाभा हाच होता की, डोळ्यांसमोरच्या विस्तीर्ण जगातील कोणती छटा कागदावरच्या कोणत्या पायरीला बसवावयाची याची तजवीज शटर दाबण्यापूर्वीच करून ठेवावी. फिल्म गेली, रसायने गेली, परंतु ही तजवीज गेली नाही.

आणि या तजविजीत सर्वांत मोठी जबाबदारी माणसाच्या चेहऱ्याची. ॲडम्सच्या पद्धतीत गौरवर्णीय चेहऱ्याची जागा मध्यम करड्याच्या एक पायरी वर ठरलेली होती. रंगीत छायाचित्रांच्या प्रयोगशाळांना कोडॅककडून मिळणाऱ्या ज्या मानक पत्रकांवरून रंग जुळविले जात, त्यांवरही दीर्घकाळ गोऱ्या स्त्रीचेच चित्र असे, आणि पहिल्या चित्रातील स्त्रीच्या नावावरून त्यांना शर्ली कार्ड म्हणत. आमच्या वऱ्हाडातील उन्हात राबणाऱ्या माणसाचा चेहरा मध्यम करड्यावर किंवा त्याच्याही एक पायरी खाली बसतो. त्याला ओढून वर नेणे म्हणजे ज्याप्रमाणे मापक काळ्या रानाला मुरमाड करतो तेच त्या माणसाच्या बाबतीत करणे होय. तरीही रोजचा तगादा त्याच्यासाठीच असतो. “भाऊ, फोटो जरा गोरा काढजा” असे मुलीचा स्थळासाठीचा फोटो काढावयास आलेली आई सांगते. तिला सांगण्यास भाग पाडणारे जग तिने निर्माण केलेले नाही, हे मी जाणतो, आणि म्हणून तिच्याशी वाद न घालता काम हाताने दाखवितो. सावळ्या चेहऱ्याचा आकार त्याच्यावरील उजळ प्रतिबिंबांनी घडतो. लहान, कठोर फ्लॅशने कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर घामाचे दोन पांढरे ठिपके येतात आणि बाकीचा चेहरा बुडतो. पांढऱ्या भिंतीवरून परतविलेला मोठा, मवाळ उजेड एका बाजूने आला की गालाच्या हाडापासून हनुवटीपर्यंत एक लांब, अखंड चढउतार उमटतो आणि वर्ण जराही न बदलता चेहरा तेजस्वी होतो. अशी प्रत हातात घेतल्यावर बहुतेक आया दुसरी मागत नाहीत.

माझ्या या आग्रहामागे आणखी एक कारण आहे. घरातील वडील माणूस गेले की तेरवीच्या आधी मुलगा किंवा नातू मोठ्या आकाराची तसबीर करून घ्यावयास येतो आणि बरोबर आणतो तो बहुधा कुठल्याशा ओळखपत्रासाठी घाईने काढलेला, बोटभर चेहऱ्याचा फोटो. त्या फोटोत समोरून पडलेल्या फ्लॅशने किंवा नंतर केलेल्या उजळपणाने कपाळ, गाल, नाक ही सर्व एक होऊन गेलेली असतात. दोन डोळे, दोन भुवया आणि ओठांची रेघ यांच्यामधल्या जागेत काहीही नसते. गडद झालेला फोटो असेल तर त्यातून सुरकुत्या, गोंदण, कुंकवाच्या खालची झिजलेली कातडी असे बरेच काही वर काढता येते. जळालेल्यातून काहीच काढता येत नाही, कारण तेथे कधी काही नोंदलेच गेले नव्हते. हल्ली अशा रिकाम्या जागेत संगणकाच्या कल्पनेने नवी त्वचा भरून देणारे कार्यक्रम निघाले आहेत. त्यांनी केलेले चेहरे सुबक असतात, पण ती त्वचा गेलेल्या आजीची नसते, आणि ती तसबीर भिंतीवर लावून तिच्यापुढे दिवा लावावयाचा असतो. मी ते काम घेत नाही. त्याऐवजी लग्नाच्या जुन्या अल्बमांत, नातवंडांच्या बारशाच्या गर्दीत, मागच्या रांगेत उभ्या असलेल्या त्या आजीचा एखादा अंधारलेला चेहरा शोधावयास सांगतो, आणि पुष्कळदा तो मिळतो.

हे काम शिकावयास माझ्याकडे मुले येतात. त्यांच्याजवळ मोबाईल असतो, आणि तो एका दाबात अनेक चित्रे घेऊन, त्यांची परस्पर बेरीज करून, उजळ आणि अंधाऱ्या भागांचा मेळ आपल्या मताने घालून देतो. त्यात वाईट काही नाही, परंतु मत त्याचे असते. म्हणून मी त्यांना आधी पडद्यावर बोट ठेवून सूर्याची खूण खाली ओढावयास शिकवितो, म्हणजे प्रकाश त्यांच्या हाती येतो, आणि मग उन्हाळ्यात डोहातून बाहेर पडणाऱ्या म्हशींकडे पाठवितो. म्हशीच्या पाठीवर गायबगळा बसलेला असतो. दोघे एकाच उन्हात असताना असे चित्र आणावयाचे की म्हैस काळीच राहावी पण तिच्या ओल्या कातडीवरचे केस आणि चिखलाचे ओघळ दिसावेत, आणि बगळा पांढराच राहावा पण त्याच्या पंखांतील पीस न् पीस मोजता यावे. हे साधते, कारण भेद वस्तूंचा आहे आणि तो पाच स्टॉपांत मावतो. ते साधले की पुढचे काम: म्हैस निंबाच्या दाट सावलीत शिरलेली आणि बगळा सावलीच्या कडेला, उन्हात. तेथे दोन्ही पूर्णपणे मिळत नाहीत, आणि दोघांपैकी कोणाला राखावयाचे हे मुलांनी मला बटण दाबण्यापूर्वी सांगावे, चित्र पाहून झाल्यावर नव्हे, असा माझा आग्रह असतो.